एकतीस नंबरची मुशी आणि बासष्ट ठोके

दिगंबर खवणेकर वाचले. किनाऱ्यापासून सत्तर किलोमीटर आत, बर्फाच्या खोक्याला मिठी मारून तरंगत असताना, पावणेतीन मीटर लांबीच्या एका मुशीमुळे, म्हणजे शार्कमुळे, त्यांचा जीव वाचला आणि ते घरी येऊन दोन ताटं पेज जेवले.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. मत्स्यखात्याच्या नोंदीप्रमाणे चौदा नोव्हेंबर दोन हजार एक्केचाळीस या दिवशी दिगंबर खवणेकर यांची बोट सकाळपासून देवकोंडच्या खाडीत, गुडघाभर पाण्यात कालवं काढत होती. बोट कालवं काढत नाही, ती काढायला हात लागतात, हे खात्याला कोणी सांगितलं नसावं. पण नोंद ती नोंद. तेव्हा आपणही काहीच घडलेलं नाही अशा चेहऱ्याने सुरुवातीपासून सुरू करू.

देवकोंड हे मालवणच्या दक्षिणेला एक बंदर आहे. तिथे बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावर एक खोली आहे आणि खोलीवर पाटी आहे: मुशी निरीक्षण केंद्र. केंद्रात एक टेबल, एक पडदा, एक गळका माठ आणि हेमांगी खवणेकर, वय सत्तावीस. हेमांगीचं काम अडतीस मुशींवर लक्ष ठेवण्याचं. यांपैकी एकही मुशी तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. गावात तिला ‘मुशींची मेव्हणी’ म्हणत.

या मुशी म्हणजे बाजारात मिळते ती वीतभर मोरी नव्हे. ही पांढरपंखी मुशी, भर समुद्रातली, जिथे नांगर टाकला तर तो नुसता जातच राहतो तिथली. ओळखायला अगदी सोपी. बाकीच्या मुशींचे पंख टोकदार असतात, हिचे गोल, वल्ह्याच्या पात्यासारखे. आणि पंखांच्या टोकांना पांढरा रंग असा लागलेला, की कोणी चुना लावता लावता अर्ध्यावर सोडून जेवायला गेलं असावं. प्रत्येकीचा चुना वेगळा, त्यामुळे फोटो पाहून कोण कुठली ते सांगता येतं. तिच्यापुढे पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे पोहतात, मंत्र्याच्या गाडीपुढे पोलीस असतात तसे. ती अंडी घालत नाही. जवळजवळ वर्षभर पिल्लं पोटात वाढवते आणि पाच-सहा जिवंत पिल्लांना जन्म देऊन पुढे निघून जाते. असं दोन वर्षांतून एकदा. माणूस मात्र तिच्या पंखांचं सूप रोज पीत होता. एकेकाळी समुद्रात वाटेल तेवढी असलेली ही मुशी त्या हिशेबाने हां हां म्हणता संपत आली.

भर समुद्र हे एक वाळवंटच. दिवस दिवस पोहावं तेव्हा एखादा कुपा मासा किंवा एखादं कासव भेटणार. म्हणून या मुशीला एक सवय आहे: जे दिसेल त्याची चौकशी करायची. ओंडका असो, डबा असो, माणूस असो. आधी लांबून फेरी, मग जवळून फेरी, मग नाकाने एक धक्का. चावून बघणं हा चौकशीचा शेवटचा टप्पा. चौकशीला विलंब झाला अशी तक्रार आजवर एकाही ओंडक्याने केलेली नाही.

ही चौकशी ती करते नाकाने, पण वासाने नव्हे. तिच्या नाकाडावर शेकडो बारीक छिद्रं असतात आणि आत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. कुठल्याही जिवंत शरीरातून किंचित वीज खाऱ्या पाण्यात पाझरते. स्नायू हलला की वीज, काळीज ठोकलं की वीज. मुशी एखाद-दोन हातांवर आली की तिला ही वीज जाणवते. दोन हजार छत्तीस साली कोणीतरी एक कागदासारखी पातळ पट्टी शोधून काढली. ती मुशीच्या नाकाडाला चिकटवली की छिद्रांना जे जाणवतं ते पट्टीलाही जाणवतं आणि पाठीवरचा पंख पाण्याबाहेर आला की ते उपग्रहाला पोचतं. पट्टीचं सरकारी नाव तेवीस अक्षरांचं आहे. देवकोंडात तिला नथ म्हणतात.

म्हणजे हेमांगीला खोलीत बसून कळायचं, की बारा नंबरने आता कुपा हेरलाय, सात नंबर कासवाच्या मागे आहे, वीस नंबर गेले चार दिवस उपाशी. कॉम्प्युटर ठोके ओळखायचा आणि शेजारी नाव लिहायचा. इथवर सगळं ठीक होतं.

मग नियम आला. जिथे नथवाली मुशी, तिथे तिच्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ मासेमारीला बंद. मुशी हलली की वर्तुळ हलणार. म्हणजे आज जाळं टाकायची जागा उद्या बंद, परवा चालू, तेरवा अर्धी बंद. रोज सकाळी साडेसहाला ‘देवकोंड बंदर – अधिकृत सूचना’ या ग्रुपवर वर्तुळं जाहीर व्हायची, आणि ती टाकणारी बाई कोण, तर दिगू तांडेलाची लेक.

त्या दिवसापासून दिगू तांडेल, म्हणजे स्वतःची बोट हाकणारे दिगंबर खवणेकर, हेमांगीचे आबा, लेकीशी बोलायचे बंद झाले. घर तेच, चूल तीच, पण बोलणं आईमार्फत.

“तुझ्या चेडवाक सांग, मीठ हयसर दी.”

“आबांना सांग, मीठ त्यांच्याच हाताखाली आहे.”

“मी काय टपालवाली असंय?” आई म्हणायची, आणि दोन्ही निरोप पोचवायची.

आठ महिन्यांपूर्वी आबा जेट्टीवर चक्कर येऊन पडले. काळजाने स्वतःहून ठोके द्यायचं जवळजवळ सोडून दिलं होतं. हेमांगीने त्यांना गाडीत घालून गोव्याच्या इस्पितळात नेलं. तिथे छातीत पेसमेकर बसला. आबा वाटेत ड्रायव्हरशी बोलले, नर्सशी बोलले, शेजारच्या खाटेवरच्या कोमातल्या माणसाशीही बोलले. लेकीशी नाही. फक्त डॉक्टरांनी ठोके बासष्टवर लावलेत असं सांगितलं तेव्हा भडकले.

“बासष्ट हो काय आकडो? साठ करा, नायतर पासष्ट करा.”

“काका, तुमच्या तब्येतीला बासष्ट बरोबर आहे.”

“भियालंय तर?”

“तरी बासष्टच.”

“रागावलंय तर?”

“बासष्ट. आणि वर्षभर समुद्रात जायचं नाही.”

आबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरांनी विचारलं नाही.

आता पेटीचं सांगायला हवं. वर्तुळात कोण घुसतंय हे कळावं म्हणून प्रत्येक बोटीला एक पेटी बसवलेली होती. बोट कुठे आहे ते पेटी दर दोन मिनिटांनी खात्याला कळवायची. देवकोंडकरांनी पेटीचा अभ्यास केला आणि एका आठवड्यात त्यांना शोध लागला, की पेटीला बोट कळत नाही, पेटीला फक्त पेटी कळते. मग वर्तुळात जायचं असेल त्या दिवशी पेटी काढून दुसऱ्या कोणाच्या तरी होडीत ठेवायची रीत पडली. पेटी घरी ठेवून चालत नसे. दिवसभर हलली नाही की खात्याकडून विचारणा यायची. दिगू तांडेलाची पेटी तानीकाकी सांभाळायची. ती रोज छोट्या होडीतून खाडीत कालवं काढायला जायची. पेटी होडीत, होडी खाडीत, दिगू वर्तुळात, खातं समाधानात. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हेमांगीलाही ठाऊक होतं, पण घरात ते बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी आबांनी आईला सांगितलं, की बहिणीकडे चाललोय, शुक्रवारी येईन. पिशवीत एक लुंगी टाकली आणि निघाले. बहिणीकडे जाणारा माणूस इंधनाचे दोन कॅन कशाला घेतो, हे आईने विचारलं नाही. बायपास रस्त्यावरचं पेट्रोल महाग पडतं, असं काहीसं तिला वाटलं असावं. छातीत मशीन असलेल्या माणसाबरोबर खलाशी म्हणून यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आबा एकटेच गेले.

गुरुवारी सकाळी साडेसहाला हेमांगीने सूचना टाकली आणि चहा घेऊन पडद्यासमोर बसली. एकतीस नंबर पहाटेपासून एकाच जागी फेऱ्या मारत होती. एवढा वेळ ही मुशी कशाभोवतीच घुटमळत नाही. कॉम्प्युटरने शेजारी लिहिलं होतं:

*यांत्रिक वस्तू. ठोके नियमित. बहुधा तरंगतं उपकरण. दुर्लक्ष करावं.*

हेमांगीला हसू आलं. तिने पुण्यातल्या आपल्या वरिष्ठ डॉ. इरावती घैसास यांना मेसेज केला: “एकतीस नंबरला घड्याळ सापडलंय.” डॉक्टरबाईंनी हसरा चेहरा पाठवला. हेमांगीने चहाचा घोट घेतला आणि घड्याळ मिनिटाला किती ठोके देतं ते सहज बघितलं.

बासष्ट.

घड्याळ साठ देतं. समुद्रातली कुठलीही वस्तू बासष्ट देत नाही. बासष्ट हा काय आकडा झाला?

तिने चहा खाली ठेवला. तो टेबलाच्या कडेवर ठेवला गेला आणि पडला. तिने आत्याला फोन लावला.

“आत्ये, आबांक जरा फोन दी.”

“दिगू? तो खंय हयसर इलो? दिवाळीपास्ना तोंड नाय दाखवल्यान.”

पुढचा फोन सागरी बचाव कक्षाला. पलीकडचा साहेब अतिशय सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही सर्वांत मोठी अडचण.

“बोटीचा नंबर सांगा मॅडम.”

तिने सांगितला.

“मॅडम, ही बोट सुरक्षित आहे. आत्ता देवकोंड खाडीत आहे.”

“ती पेटी खाडीत आहे. बोट नाही. पेटी तानीकाकीच्या होडीत आहे.”

“तानीकाकी या बोटीवर खलाशी आहेत का?”

“तानीकाकी कालवं काढते!”

“म्हणजे बोट कालवं काढतेय. सुरक्षित आहे.” कीबोर्डचा आवाज आला. “मॅडम, सुरक्षित बोटीसाठी मी हेलिकॉप्टर कसं पाठवू? आधी बोट बेपत्ता दाखवावी लागेल. त्यासाठी पेटी चोवीस तास बंद असावी लागते. तुम्ही पेटी बंद करून उद्या सकाळी फोन करा.”

पडद्यावर नवी ओळ उमटली होती. *एकतीस: जवळून फेरी. धक्का देण्याची शक्यता: ७४ टक्के.*

उरली गावातली बोटवाली मंडळी. पण एक फेरी संपवून मुशी दुसरीकडे सरकली, की सकाळचं वर्तुळ निरुपयोगी होणार होतं. त्यांना मुशीची मिनिटामिनिटाची जागा द्यावी लागणार होती, आणि ती कोणालाही देण्याची सक्त मनाई होती. पंख कापणाऱ्या टोळ्यांना तेवढंच हवं असतं. जागा फोडणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जाते, असं नेमणूकपत्रात ठळक अक्षरांत होतं. हेमांगीने डॉ. घैसासना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं.

“हेमांगी, तू मला परवानगी मागितलीस तर मला नाही म्हणावं लागेल.”

“हो मॅडम.”

“म्हणून मी आता आंघोळीला जातेय. आंघोळीत मी फोन घेत नाही. आज केस धुवायचेत.”

“किती वेळ लागेल मॅडम?”

“तुझे वडील सापडेपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. डॉ. घैसास यांचे केस बोटभर आहेत.

हेमांगी जेट्टीवर धावली. तिथे बस्त्याव फर्नांडिस जाळ्याची भोकं शिवत बसला होता. बस्त्याव हा सगळ्यांत वेगवान बोटीचा मालक आणि दिगू तांडेलाचा तीस वर्षांचा वैरी. वैर कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण दोघंही ते मनापासून पाळत होते.

“काय गो मेव्हणी? आज तुझी भयीण खंय जेवाक बसली?”

“बस्त्यावकाका, आबा पाण्यात आहेत. बोट नाय. मुशी त्यांच्या भोवती फिरताहा.”

बस्त्यावची सुई थांबली. “तुका कसा कळला?”

“मुशीक त्यांचे ठोके ऐकू येतत. ते माका दिसतत. बासष्ट.”

बस्त्यावने तिच्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. शेजारी बसलेला एक जण पुटपुटला, की हा वर्तुळात नेऊन दंड लावायचा डाव असणार.

“गप रव,” बस्त्याव म्हणाला. “बासष्टावरून तेना हय बसान माका दोन तास पकवलेला. दुसऱ्या कोणाचे नायत ते.” तो उठला. “तू नुसता खंय जावचा ता सांग.”

आठ वाजून दहा मिनिटांनी ‘देवकोंड बंदर – अधिकृत सूचना’ या ग्रुपवर केंद्राच्या इतिहासातली सर्वांत विचित्र अधिकृत सूचना आली: “वर्तुळ क्रमांक एकतीस. सर्व बोटींनी आत घुसावं. जेवढ्या लवकर घुसता येईल तेवढ्या लवकर घुसावं. जागा दर पाच मिनिटांनी कळवली जाईल.” खाली पहिला प्रतिसाद होता, “अकाउंट हॅक झाला काय?” दुसरा प्रतिसाद बस्त्यावचा होता आणि तो इथे छापता येणार नाही. त्यानंतर प्रतिसाद आले नाहीत, फक्त इंजिनांचे आवाज आले.

तीस बोटी निघाल्या. पडद्यावर हेमांगीला तीस हिरवे ठिपके दिसत होते. बराच वेळ ती बघत राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ठिपके दिसताहेत म्हणजे पेट्या बोटींवर आहेत. एकानेही काढून ठेवली नव्हती. वर्तुळात शिरताना तीसही पेट्या बोंबलणार, तीसही नावं खात्यात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती बघतेय हेही माहीत होतं, आणि तिला आपण दिसलो नाही तर तिला वाट दाखवता कशी येणार? हे कोणी तिला सांगितलं नाही. तिने ते स्वतःच ओळखलं आणि नाक पुसलं.

नऊ पंचावन्न. *एकतीस: धक्का दिला. पुन्हा फेरी. चावण्याची शक्यता: ८१ टक्के.* शेजारी ठोके: बासष्ट.

“भियालंय तरी बासष्टच,” ती पडद्याला म्हणाली. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिला ते नुसतं वैद्यकीय वाटलं होतं.

दहा वीस. एकतीस नंबरने बुडी मारली. पंख पाण्याखाली गेला आणि पडदा गप्प झाला. ठोके नाहीत, टक्के नाहीत, शेवटची जागा तेवढी लुकलुकत राहिली. मुशी खाली जाते ती कंटाळून जाते किंवा खालून वर यायला जाते, एवढं हेमांगीला शास्त्र येत होतं. त्या वेळी तिला ते न येतं तर बरं झालं असतं. तिने रेडिओवर शेवटची जागा सांगितली. पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना बस्त्याव ओरडला, “कळला गो बाय, आता गप!”

सोळा मिनिटं गेली. सोळा मिनिटांत माणूस किती नवस बोलू शकतो याची तिला कल्पना नव्हती. तिने वेतोबाला केळी कबूल केली, साईबाईला ओटी कबूल केली, आणि कोणी उरलं नाही तेव्हा थेट एकतीस नंबरलाच म्हणाली, “बाई गं, वर ये.”

दहा छत्तीस. *एकतीस: पृष्ठभागावर. जवळून फेरी. यांत्रिक वस्तू. बासष्ट.*

अकरा वाजून चार मिनिटांनी रेडिओ खरखरला.

“पंख दिसलो,” बस्त्याव म्हणाला. “पांढरो. अगदी चुनो लावल्यासारखो.” मग ओरडला. “हेमांगी, तुझो बापूस जितो असा.”

“दिसले?”

“दिसाक नाय अजून. शिव्ये ऐकू येतत. माझ्या नावान.”

आबांच्या बोटीचं इंजिन मंगळवारी दुपारीच बंद पडलं होतं, आणि त्याच्याबरोबर रेडिओही. जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याने बोट आत आत नेली, बुधवारी रात्री तिच्यात पाणी भरलं, आणि आबांच्या हाती बर्फाचं खोकं तेवढं लागलं. पहाटे मुशी आली. पुढचे सहा तास ती तिथेच होती. आबा आधी तिला शिव्या घालत होते. मालवणी शिव्या संपल्या तेव्हा गोव्याच्या घातल्या. त्याही संपल्या तेव्हा गप्पा मारल्या.

तिने त्यांना का खाल्लं नाही, हे विज्ञानाला माहीत नाही. डॉ. घैसास यांनी तीन शक्यता सांगितल्या आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह लावलं. मुशीच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ती त्यांना वाचवायला आलेली नव्हती. ती जेवणाची चौकशी करायला आली होती. ती चौकशी तिने इतक्या चिकाटीने केली, की तेवढ्यात तीस बोटी येऊन पोचल्या. उपकार करायच्या इराद्याने आलेल्या बचाव कक्षापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी आबा पडवीत बसले होते. अंगभर मीठ सुकलेलं, खांद्यावर बस्त्यावची शाल. बस्त्यावने ती परत मागितली नव्हती, पण “ती माझी असा” हे तीनदा सांगितलं होतं. आईने पेज वाढली. हेमांगी दाराशी उभी राहिली.

“तुझ्या चेडवाक विचार,” आबा पेजेकडे बघत म्हणाले, “तेचो नंबर काय?”

“आबांना सांग, एकतीस.”

“तिका विचार, बाई की बाप्यो?”

“बाई आहे म्हणावं.”

“माका वाटलाच. एवढा ऐकून घेतल्यान.” ते जरा वेळ पेज ढवळत राहिले. “तिका सांग, उजव्या पंखावर भाकरीएवढो पांढरो ठिपको असा. कडेन तुटको.”

“माहीत आहे म्हणावं. फोटो आहे.”

आई दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी होती. ती इकडे बघे, तिकडे बघे. मग तिने पळी टोपात आपटली.

“माझी भाजी जळताहा,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. चुलीवर भाजी नव्हती.

टपालखातं बंद झालं.

“हेमू,” आबा शेवटी म्हणाले. दोन वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं, त्यामुळे जरा खरखरलं. “ती माका नाकान ढोसी. मी म्हटलंय, आता संपला. मगे वाटला, हिच्या नाकार तुझी ती नथ असा. म्हणजे तू बघतंस.” त्यांनी पेजेचा घोट घेतला. “मगे मी तिका शिव्ये घालूचो थांबलंय. चेडू ऐकता म्हणान.”

“नथेतून आवाज नाही येत, आबा.”

“नाय येत?”

“फक्त ठोके येतात.”

आबांनी मान हलवली. “मगे उगाच थांबलंय,” ते म्हणाले आणि ताट पुढे केलं. हेमांगीने पेज वाढली. दुसरं ताट ते हेच.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवड्याने तीस बोटींना नोटिसा आल्या. वर्तुळात एकत्रितपणे घुसल्याबद्दल सर्वांचे परवाने एका वर्षासाठी रद्द का करू नयेत? बस्त्यावने उत्तर दिलं, बचावासाठी गेलो होतो. खात्याने परत लिहिलं: नमूद दिवशी नमूद क्षेत्रात कोणतीही बोट संकटात नव्हती. दिगंबर खवणेकर यांची बोट खाडीत होती. जो अपघात झाला नाही त्यातून बचाव संभवत नाही.

गावाने यावर विचार केला. आबा गप्प राहिले असते तर त्यांचा परवाना शाबूत राहिला असता. पेटी तर त्यांच्या बाजूने शपथेवर साक्ष देत होती. बस्त्याव येऊन म्हणालाही, “दिगू, तू काय बोला नको. वरीसभर आमी रेती काढू.”

“तू रेती काढतलंस?” आबा म्हणाले. “तुझ्या कमरेन?”

“माझ्या कमरेचा तुका काय?”

दोघं नव्या जोमाने भांडले आणि बस्त्याव तणतणत गेला. तो गेल्यावर आबांनी लेकीला हाक मारली आणि कागद घ्यायला सांगितला. त्यांचं म्हणणं, आभार मानायचे तर रीतसर मानावेत, आणि तोंडी आभारांना खात्यात नोंद नसते.

हेमांगीचीही चौकशी चालू आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिच्या जागी दुसरा माणूस नेमता येत नाही, म्हणून रोज साडेसहाला सूचना तीच टाकते. एकतीस नंबर सध्या लक्षद्वीपच्या बाजूला आहे. दोन दिवसांपूर्वी तिच्याबद्दल पुण्याहून एक साधा निरोप आला होता, तो हेमांगीने आबांना वाचून दाखवला: पट्टीचा गोंद वर्षभरच टिकतो, एकतीस नंबरची पट्टी चैत्राच्या सुमारास आपोआप गळून पडेल, नवी बसवण्याची योजना नाही. त्यानंतर ती कुठे आहे, जेवली की नाही, आहे की नाही, ते कोणालाही कळणार नाही. आबांना त्यावर जे म्हणायचं होतं ते अर्जात आलं.

अर्ज असा:

*प्रति, मा. आयुक्त साहेब यांस,*

*अर्जदार दिगंबर खवणेकर, धंदा मासेमारी, रा. देवकोंड, सादर करतो की,*

*१. दिनांक १४ रोजी अर्जदार खाडीत नव्हता. खाडीत पेटी होती. पेटी अर्जदाराने स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती. यात कालवं काढणाऱ्या बाईचा काही दोष नाही. अर्जदाराचा परवाना रद्द करावा. तीस बोटींचे करू नयेत. ते आत आले म्हणून अर्जदार बाहेर आला.*

*२. अर्जदाराची मुलगी हिने सरकारी गुपित फोडलं हे खरं आहे. त्या गुपितात अर्जदार होता. तिने ते फोडलं याबद्दल अर्जदार तिचा आभारी आहे. हे घरी सांगायला जमलं नाही म्हणून इथे लिहिलं आहे. अर्ज तीच लिहीत असल्याने तिला कळलेलं आहे.*

*३. मुशी क्र. ३१ हिने अर्जदारास न खाता सहा तास सोबत केली. तिचेही आभार नोंदवून घ्यावेत.*

*४. तरी मेहेरबान साहेबांना नम्र विनंती की, सदर मुशीची पट्टी गळून पडल्यानंतरही तिने महिन्यातून एकदा, शक्य तर सकाळच्या वेळी, देवकोंड बंदरासमोर येऊन आपण खुशाल असल्याचं अर्जदारास समक्ष कळवावं, असे लेखी आदेश तिच्या राहत्या ठिकाणी पोचते करण्यात यावेत, आणि आदेश मिळाल्याबद्दल तिची पोच घेऊन त्या पोचेची एक प्रत अर्जदारास देण्यात यावी.*